कारिंदेरियात जेवताना

लेखात मनिलाच्या कारिंदेरियाबद्दल, म्हणजे फिलिपिन्समधल्या साध्या, घरगुती खाणावळीबद्दल, ‘मेनूकार्ड नाही, भाव कळत नाही’ अशी तक्रार आहे. अहो, समोरची पातेली हाच मेनू! बोट दाखवायचं आणि भाव आधीच विचारायचा. भाताचे पैसे वेगळे. कालवण बऱ्याच ठिकाणी अर्धी वाटी मिळतं, म्हणजे दोन-तीन प्रकार चाखून होतात. सूपचं नुसतं पाणी अनेकदा फुकट देतात, मागायला लाजू नका.

वेळ मात्र सांभाळा. स्वयंपाक सकाळीच उरकतात. अकरा-साडेअकराला सगळं गरम असतं. दुपार कलली की सिनिगांग या चिंचेच्या आंबट सूपमधली कांगकोंग या पालेभाजीची पानं काळपट, लिबलिबीत होतात. अदोबो या मांसाच्या कालवणाचं उलट: व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरी, तमालपत्र मांसात जितकं मुरेल तितकं चांगलं. उशीर झाला तर बिनधास्त अदोबोच घ्या.

शाकाहारींनी पिनाकबेत बघून हुरळून जाऊ नये. दिसायला भोपळा, भेंडी, वांगं, कारलं. पण चव बागोओंगची, म्हणजे आंबवलेल्या खारट जवळ्याची किंवा मासळीची. मुगाच्या मोंगोतही बहुधा डुकराचं मांस नाहीतर सुकी मासळी असते. ऑर्डर देण्याआधी स्पष्ट विचारा.

आणि टेबलावरचं पातिस, म्हणजे आंबवलेल्या मासळीचा पातळ सॉस, थेंबाथेंबानेच घाला, फार खारट असतं ते. कालामान्सी, म्हणजे तिथलं छोटं लिंबू, मात्र हवं तेवढं पिळा.