जिनसेंगपेक्षा पेज बरी

अशक्त मुलांना जिनसेंग (ताकदीसाठी घेतलं जाणारं चिनी औषधी मूळ) द्यावं असं सांगणारा तुमचा लेख आवडला, पण जिनसेंगचं एवढं कौतुक खटकलं. चीनमधले जुन्या वळणाचे बालवैद्य लहान मुलांना जिनसेंग द्यायला सहसा नाखूशच असतात. मूल अंगी धरत नसेल तर आधी पोट सुधारा, हे त्यांचं पहिलं सूत्र. चीनच्या सोंग राजवटीतले बालवैद्य छ्येन यी यांनी तर मोठ्यांच्या आठ औषधांच्या गोळीतून दालचिनी आणि बचनागाच्या जातीचं मूळ ही दोन उष्ण द्रव्यं काढून मुलांसाठी सहाच ठेवली. त्यांचा ग्रंथ १११९ चा, आणि ती गोळी आजही चालते (आता मोठेच जास्त घेतात, ही गंमत!).

घरोघरी चालतं ते साधंच. तांदळाच्या पेजेत कमळबी आणि आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद. शिवाय पाठीची चिमट: मुलाला पालथं झोपवून माकडहाडापासून मानेपर्यंत कातडी चिमटीत धरत वर सरकायचं, दर तीन चिमटींनंतर जरा उचलायची. मुलं खिदळतात.

मात्र वजन वाढतच नसेल तर आधी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि जंत तपासून घ्या. असल्या चिनी गोळ्या ऑनलाइन तर मागवूच नका, अशा काही औषधांत शिसं आणि पारा सापडलाय.