‘रीजनल सेटिंग इंडिया करा, तारखेचा घोळ संपला’: नाही संपत

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून ऐरोली, महापे, बेलापूरपर्यंत सिस्टीम सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा मजकूर साधारण असा: ‘स्क्रिप्टमधून क्वेरी चालवताना तारीख चुकते? मशीनचं रीजनल सेटिंग इंडिया करा. तरी जमलं नाही तर वर्ष-महिना-दिवस लिहा, ते सगळीकडे चालतं. टूलमध्ये चाललं तर स्क्रिप्टमध्येही चालणार. एरर आली नाही म्हणजे तारीख बरोबर. आणि अगदीच अडलं तर कॉलमला टू_कॅर लावून टाका.’

यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही. वर्ष-महिना-दिवसाच्या वाक्यात बरंचसं तथ्य आहे, म्हणून तेच जास्त गोत्यात आणतं. (टू_कॅर म्हणजे तारखेची अक्षरं करणारं फंक्शन.) (खाली अंक देवनागरीत आहेत ते वाचण्यासाठी. क्वेरीत इंग्रजी अंकच टाका.)

‘मशीनचं रीजनल सेटिंग इंडिया करा’

विंडोजमध्ये हे सेटिंग मशीनचं नसतं, युजर अकाउंटचं असतं. तुम्ही लॉगिन करून बॅच फाइल चालवता तेव्हा ‘डेट’ व्हेरिएबलमध्ये ०३-०४-२०२५ येतं. तीच फाइल टास्क शेड्युलरने सिस्टीम अकाउंटखाली चालवली की त्या अकाउंटचं सेटिंग बहुधा अमेरिकन असतं, आणि मिळतं ‘Thu ०४/०३/२०२५’. पहिली दोन अक्षरं दिवसाची म्हणून कापणाऱ्या स्क्रिप्टच्या हाती मग वाराची दोन अक्षरं लागतात.

पॉवरशेलची खोड वेगळीच. डबल कोटच्या आत तारखेचं व्हेरिएबल ठेवलं तर ते महिना/दिवस/वर्ष असंच उमटतं, अकाउंट कितीही भारतीय असो. त्याच व्हेरिएबलवर टू-स्ट्रिंग चालवलं तर मात्र अकाउंटचं सेटिंग लागू होतं. एकाच स्क्रिप्टमध्ये दोन्ही पद्धती असतील तर दोन वेगळ्या तारखा तयार होतात. फॉरमॅट स्वतः लिहून दिलात तरी त्यातली तिरकी रेघ खरी तिरकी रेघ नसते. तिच्या जागी त्या कल्चरचं, म्हणजे प्रादेशिक सेटिंगचं, विभाजक चिन्ह बसतं.

शिवाय डेटाबेस सर्व्हर तुमच्या विंडोजच्या सेटिंगकडे बघतोच असं नाही. एसक्यूएल सर्व्हर बघतो लॉगिनची भाषा: ‘यूएस इंग्लिश’ असेल तर महिना आधी, ‘ब्रिटिश’ असेल तर दिवस आधी. पोस्टग्रेस बघतो डेटस्टाइल हे स्वतःचं सेटिंग. ओरॅकल बघतो सेशनचा एनएलएस डेट फॉरमॅट.

‘वर्ष-महिना-दिवस सगळीकडे चालतं’

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये चालतं, निर्धास्त वापरा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते कॉलमच्या प्रकारावर अवलंबून आहे. प्रकार ‘डेट’ किंवा ‘डेटटाइम२’ असेल तर ठीक. जुना ‘डेटटाइम’ असेल आणि लॉगिनची भाषा ब्रिटिश असेल, तर ‘२०२५-०४-०३’ म्हणजे ४ मार्च! वर्ष पुढे आलं तरी उरलेल्या दोघांत तो दिवस आधी धरतो. पडताळायचं असेल तर सेशनमध्ये सेट डेटफॉरमॅट डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) द्या आणि हीच स्ट्रिंग कास्ट करून डेटटाइम करा. इथे भाषा कोणतीही असली तरी न चुकणारं रूप म्हणजे मध्ये काहीही न घालता आठ अंक, ‘२०२५०४०३’. वेळही हवी असेल तर डॅश ठेवा, पण तारीख आणि वेळेच्या मध्ये जागा न सोडता टी हे अक्षर घाला.

ओरॅकलमध्ये मूळ फॉरमॅट दिवस, महिन्याची तीन अक्षरं, दोन अंकी वर्ष असा असेल, तर नुसती ‘२०२५-०४-०३’ दिल्यावर ओआरए-०१८६१ ही एरर मिळते. तिथे स्ट्रिंगच्या आधी डेट हा शब्द लिहा, म्हणजे ती खरी तारीख ठरते आणि सेशनचा फॉरमॅट काहीही असला तरी फरक पडत नाही. नाहीतर टू_डेट वापरा, पण मास्कसकट, म्हणजे तारखेचा साचा लिहून. आधीच तारीख असलेल्या गोष्टीला, उदाहरणार्थ सिसडेटला, टू_डेट लावू नका. ओरॅकल तिची आधी स्ट्रिंग करतो, मग पुन्हा तारीख, आणि या फेऱ्यात वेळ गळून पडू शकते.

शेल स्क्रिप्टमध्ये आणखी एक होतं: कोट शेलच खाऊन टाकतो. मग सर्व्हरला दिसतं २०२५ वजा ४ वजा ३, म्हणजे २०१८. पोस्टग्रेस तारीख आणि पूर्णांकाची तुलना नाकारतो, ते बरं. एसक्यूएल सर्व्हरचा डेटटाइम मात्र १ जानेवारी १९०० पासून २०१८ दिवस मोजतो आणि १२ जुलै १९०५ वर जाऊन थांबतो. ‘या तारखेनंतरच्या नोंदी’ मागितल्यावर अख्खं टेबल आलं, तर पहिला संशय इथे घ्या.

‘टूलमध्ये चाललं तर स्क्रिप्टमध्येही चालणार’

ओरॅकलचं टूल एसक्यूएल डेव्हलपर स्वतःच्या प्रेफरन्समधला तारखेचा फॉरमॅट सेशनला लावतो. क्रॉनमधून (लिनक्सच्या शेड्युलरमधून) चालणाऱ्या एसक्यूएल-प्लसला ते कुठून मिळणार? क्रॉन तुमची प्रोफाइल फाइलही वाचत नाही. आणि एनएलएस-लँग सेट नसेल, तर एन्व्हायर्नमेंटमध्ये नुसता एनएलएस डेट फॉरमॅट ठेवून ओरॅकल तो मानत नाही.

क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. तिथे थेट डेट कमांडला टक्के देऊन तारीख बनवली तर कमांड अर्ध्यात तुटते. प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश द्या, किंवा हे काम वेगळ्या स्क्रिप्ट फाइलमध्ये हलवा, ते जास्त सोपं.

वेळक्षेत्राचंही असंच. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो. तुर्भ्याच्या मार्केटमधल्या एखाद्या गाळ्याची पहाटे तीनची आवक ‘आज’मध्ये धरायची असेल आणि स्क्रिप्ट चारला चालत असेल, तर ‘आज’ म्हणजे कोणाचा आज, हे सेशनला वेळक्षेत्र देऊन ठरवावं लागतं.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा स्क्रिप्टलाच सुरुवातीला सेशनची माहिती लॉगमध्ये लिहायला लावा. ओरॅकलमध्ये एनएलएस_सेशन_पॅरामीटर्स, एसक्यूएल सर्व्हरमध्ये डीबीसीसी युजरऑप्शन्स, पोस्टग्रेसमध्ये शो डेटस्टाइल आणि शो टाइमझोन. टूलमधल्या उत्तराशी ताडून बघितलं की दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

‘एरर आली नाही म्हणजे तारीख बरोबर’

दिवस १२ किंवा त्याहून लहान असेल तर दिवस आणि महिना गुपचूप अदलाबदल होतात. दर महिन्याला असे १२ दिवस, त्यातला एक (४ एप्रिल, ५ मे असा) उलटला तरी तोच राहतो. म्हणजे वर्षात १३२ दिवस बिनएररचं चुकीचं उत्तर. ‘महिन्याच्या १२ तारखेपर्यंत चालतं, १३ला पडतं’ ही तक्रार आली की बाकी काही तपासायच्या आधी हेच तपासा. ॲक्सेस तर १३लाही पडत नाही: त्याच्या क्वेरीत ०३/०४/२०२५ म्हणजे ४ मार्च आणि १३/०४/२०२५ म्हणजे १३ एप्रिल. मायएसक्यूएलला ‘१०/०४/२५’ दिलं तर तो पहिला आकडा वर्ष धरतो आणि २५ एप्रिल २०१० समजतो.

महिना आणि मिनिट यांचीही गल्लत होते. पायथनमध्ये छोटा एम महिना, मोठा एम मिनिट. पॉवरशेलमध्ये नेमकं उलट. मायएसक्यूएलच्या डेट_फॉरमॅटमध्ये मिनिटाला आय. ओरॅकलमध्ये एमआय, तिथे चुकून एमएम लिहिलं तर एप्रिलभर प्रत्येक वेळ चार मिनिटांची दिसते.

बिटवीनमध्ये ‘१ एप्रिल ते ३० एप्रिल’ लिहिलं आणि कॉलममध्ये वेळही असेल, तर ३० तारखेचा फक्त मध्यरात्रीचा ठोका धरला जातो. कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या त्या दिवशीच्या बिल्ट्या गेल्या! त्यावर २३:५९:५९.९९९ हा उपाय सुचवला जातो, पण डेटटाइम तो पुढच्या दिवसावर पूर्णांकित करतो. १ एप्रिल किंवा नंतर, आणि १ मेच्या आधी, असं लिहा.

‘कॉलमला टू_कॅर लावा’

दिवस आधी लिहिलेली अक्षरं तारखेच्या क्रमाने लागत नाहीत: ‘०५/०१/२०२५’ ही ‘२८/१२/२०२४’ पेक्षा लहान ठरते. कॉलमवरचा साधा इंडेक्सही (शोध जलद करणारी सूची) कामातून जातो.

तारीख स्ट्रिंगमध्ये जोडायचीच नाही, पॅरामीटर म्हणून द्यायची. पायथनमध्ये डेट ऑब्जेक्ट तयार करा. क्वेरीत तिच्या जागी खूण ठेवा: पायओडीबीसी ड्रायव्हरला प्रश्नचिन्ह, सायकोपीजीला टक्का-एस, ओरॅकलच्या ड्रायव्हरला कोलन आणि नाव. या खुणेभोवती कोट घालू नका. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएलला उणे-व्ही देऊन व्हेरिएबल पाठवता येतं, पण क्वेरी उणे-सीने दिली तर ते भरलंच जात नाही. क्वेरी फाइलमधून किंवा पाइपने द्या.

तपासायला २५ डिसेंबर घेऊ नका, ती तारीख चुकीच्या क्रमाने वाचताच येत नाही. ३ एप्रिल घ्या, १३ एप्रिल घ्या, ३० एप्रिलची रात्री अकराची एक नोंद टाका, आणि एकदा जॉब रात्री दोन वाजता, शेड्युलरच्याच अकाउंटवरून चालवा.