खान्देशात बसून शेवभाजीसोबत नान खायचा का?

आज धुळ्याच्या अलीकडे हायवेवरच्या एका चकाचक हॉटेलात जेवलो आणि डोकंच सटकलं. शेवभाजी सांगितली, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आहे का विचारलं, तर वेटर म्हणे सर रोटी, बटर रोटी, नान. वर कांदा मागितला तर तो पण बिलात!

मागच्या हिवाळ्यात गाडीने जयपूरला गेलो होतो. आपल्या धुळ्यावरून जातो तोच ५२ नंबर हायवे, सेंधवा, इंदूर, कोटा करत पुढे बुंदी-टोंकवरून थेट जयपूर. बुंदी सोडली तेव्हा रात्र झालेली, थंडीने बोटं आखडलेली, ट्रक लागलेले दिसले म्हणून थांबलो. धाबेवाल्या बाबांनी खाटेवर बसवलं, मेनू वगैरे काही नाही, सरळ बाजरीची रोटी, लसणाची लालभडक चटणी, कढी आणि सेव-टमाटर. वडील बघतच राहिले, म्हणे "आरे, आठे बी शेवभाजीच शे!" आपला काळा मसाला नाही त्यात, टोमॅटोचा आंबट रस्सा, पण शेव अगदी वाढताना टाकलेली. आज माझ्या ताटात शेवेचा लगदा होता.

राग पैशाचा नाहीये हो. त्या बाबांना एकदाही वाटलं नाही की महाराष्ट्राची गाडी आहे, यांना पनीर खाऊ घालावं. घरी जे शिजतं तेच पुढे ठेवलं. आणि वडिलांना चावायला त्रास होतोय हे बघून न सांगता रोटी कढीत कुस्करून दिली, वरून तूप, बाजूला गुळाचा खडा. आमच्याकडे मालकाला भाकरीचीच लाज वाटते! त्या वेटर पोराची काय चूक म्हणा, साक्रीकडचा निघाला, घरी रोज भाकरीच खातो म्हणे.

बरं, एसी, पार्किंग, बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट त्या धाब्यावर नव्हतं, मान्य. बायकोने तेव्हाच सुनावलंय.

पण मग बाहेरच्या माणसाला कळणार कसं की इथे बामणोदची वांगी पिकतात, कपाशीच्या काड्यांवर भरीत भाजतात? तो बिचारा पनीर टिक्का खाऊन पुढे निघून जातो.

यावल-चोपडा रोडला किंवा कुठेही रात्री गरम भाकरी-भरीत मिळत असेल तर सांगा रे, वडिलांना न्यायचंय. टॉयलेट असेल तर तेही लिहा, बायको शेजारी बसून विचारतेय.