आमच्या दारचा हापूस

अंगणात आपला स्वतःचा हापूस हवा, ही आईची जुनी इच्छा. रविवारी दुपारी झोपावं, ही माझी. जून लागला, पहिला पाऊस पडला आणि आई जिंकली.

नर्सरीत हापूस, केसर, रत्ना, सिंधू अशी कलमं काळ्या पिशव्यांत वधूवर मेळाव्यासारखी ओळीत उभी होती. "पुण्यात केसर घ्या साहेब," नर्सरीवाला म्हणाला, "हापूसला कोकणची हवा लागते."

"मीपण कोकणातलीच," आई म्हणाली. "जगले ना पुण्यात?"

मग त्याने सिंधू पुढे केली. "दापोलीच्या विद्यापीठाची आहे. कोय एकदम पातळ. नीलम आणि हापूसची रत्ना, आणि रत्ना-हापूसची ही सिंधू."

आईने बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे हापूस हिचा बापही आणि आजोबाही?" पुढची बोलणी तिथेच मोडली. साडेतीनशे रुपये मोजून आम्ही खानदानी हापूसच उचलला.

खड्डा एक मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. कागदावर हे फार सोपं दिसतं. आमच्या अंगणात मातीचा थर वीतभर, त्याखाली बिल्डरने पुरून ठेवलेली फुटकी फरशी, सिमेंटची दगड झालेली अख्खी गोणी आणि एक डावी चप्पल. त्याखाली मुरूम. दोन तास पहार चालवल्यावर मी गुडघाभर खोल गेलो होतो. बायको चहा घेऊन आली, खड्ड्यात डोकावली आणि म्हणाली, "झाड आडवं लावायचंय का?" शेवटी माणूस बोलावला. आठशे रुपये घेऊन त्याने तासाभरात खड्डा काढला, आणि तोही तंबाखू मळत. म्हणजे झाडापेक्षा भोक महाग पडलं.

मग शेणखत, पोयटा, सुपर फॉस्फेट. लागवड बघायला शेजारचे काका खुर्ची घेऊनच आले. "कलमाचा जोड मातीच्या वर ठेव. काठीचा आधार दे. बुंध्याला पाणी साचू देऊ नकोस." मी जोड वर ठेवला, काठी बांधली. लेकीने पुठ्ठ्यावर 'हापूस' असं रंगवून पाटी फाटकाला लावली. लगेच तिन्ही लोकांत बातमी गेली. साताऱ्याच्या आत्याने दोन पेट्या आत्ताच सांगून ठेवल्या.

जोडावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली होती. जखमेवरची पट्टी आहे, बरी होईपर्यंत कशाला हात लावा, असा मी सुज्ञ विचार केला.

ऑक्टोबरात शेंड्याची पानं वाळू लागली. मी पाणी वाढवलं. आणखी वाळली. मी पाणी कमी केलं. आईने दृष्ट काढली. आणि एका सकाळी बुंध्याशी लालसर, तांबूस, लुसलुशीत पालवी! मी धावत जाऊन सगळ्यांना उठवलं. पालवीचे अकरा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. वरची वाळकी काडी तेवढी मोडून फेकली, उगाच नजरेत यायची. महिन्याभरात फांदी हातभर वाढली. एवढं तर शाळेत मीही कधी वाढलो नव्हतो.

काका गावाहून परत आले ते थेट झाडापाशी उकिडवे बसले. करंगळीने माती सारली. प्लास्टिकची पट्टी खोडात रुतून बसली होती.

"ही सोडली नाहीस?"

"सोडायची असते?"

"जोड धरला की सोडायची. गळफास बसला त्याला." मग माझ्या लाडक्या फांदीला टिचकी मारली. "आणि ही फूट जोडाच्या खालून आलीय. हा खालचा खुंट आहे, ज्यावर हापूसचं कलम बांधलं होतं. रायवळ. असली फूट दिसल्या दिसल्या खुडायची असते."

"मग हापूस?"

"तो तू मोडून फेकलास ना."

नर्सरीवाल्याला फोन लावला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्याने. "पण झाड जगलंय ना साहेब? मग!"

आईला सांगायचं कसं, हा खरा प्रश्न होता. सांगितलं. ती बराच वेळ पालवीकडे बघत राहिली. मग विचारलं, "रायवळाला फळ कधी धरतं?"

"सात-आठ वर्षं तरी," काका म्हणाले.

"लोणच्याला बरं असतं," म्हणत आई आत गेली. माळ्यावरची मोठी बरणी उतरवल्याचा आवाज आला.

फाटकावरची पाटी अजून तशीच आहे. लेकीने फक्त 'हापूस'च्या आधी खडूने 'माजी' लिहिलंय.