ओटा आपला, पिक्चर जगाचा

गल्लीत दुसऱ्या घराला सीसीटीव्ही कॅमेरा लागला की तिसऱ्यानं मागं राहू नये. त्यातून तुम्ही हाताचे गुणी. पंख्याचा कंडेन्सर स्वतः बदलता, डिशची छत्री स्वतः फिरवून सिग्नल धरता, मिक्सर उघडता आणि जोडताना दोन स्क्रू उरले तरी तो चालवून दाखवता. अशा माणसानं चार कॅमेऱ्यांसाठी मेकॅनिक बोलवायचा म्हणजे कुळाला बट्टा. जळगावला गोलाणी मार्केटात एक चक्कर मारा. चार कॅमेरे, एक डीव्हीआर (म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डबा), वायरचं भेंडोळं, बारा व्होल्टचा सप्लाय आणि वायरच्या टोकांना लावायचे मूठभर बीएनसी कनेक्टर घेऊन दुपारच्या बसनं परत या. बाकी सगळं यूट्यूबवर आहे. जे तिथं नीट सांगत नाहीत, तेवढंच इथं सांगतो.

डबा सुरू झाला की तो पासवर्ड मागतो. हल्लीचे डबे आगाऊ झालेत. १२३४५६ चालवून घेत नाहीत, अक्षरं घाला म्हणतात. त्यांना अ‍ॅडमिन१२३ द्या, त्यांचं समाधान होतं. जुना डबा मिळाला तर उत्तमच. त्यात कारखान्यानं घातलेला पासवर्ड तसाच ठेवता येतो, आणि त्याचे फायदे फार दूरवर पोचतात. २०१६ साली मिराय नावाचा व्हायरस जगभर फिरला. त्याच्याकडे कसली गुप्तविद्या नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती, आणि ती घेऊन तो इंटरनेटवर दिसेल त्या दाराची कडी वाजवत सुटला. डीव्हीआर, कॅमेरे, राउटर असे काही लाख डबे त्याला आतून 'या बसा' म्हणाले. काही डब्यांत तर मालकानं पासवर्ड बदलला तरी आतल्या बाजूला दुसरा एक पासवर्ड होता, जो बदलताच येत नव्हता. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच डब्यांच्या फौजेनं डाइन या अमेरिकी कंपनीवर हल्ला चढवला. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणं हे त्या कंपनीचं काम. ते बसलं, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अमेरिकेत तासन्‌तास आडवे झाले. मूळ व्हायरस लिहिणारी पोरं जेमतेम विशीतली होती. माइनक्राफ्ट खेळाच्या सर्व्हरवाल्यांच्या आपसातल्या चढाओढीतून हे सुरू झालं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केल्याचं जाहीर झालं. विचार करा, आपल्या पोराला अमेरिकेचा व्हिसा मिळता मिळत नाही, आणि कपाटावरचा डबा बिनखर्चात जाऊन येतो.

कोणी म्हणेल, हे धोक्याचं आहे. अजिबात नाही. मिराय डब्याच्या तात्पुरत्या मेमरीत राहायचा. वीज गेली की पुसला जायचा. आपल्याकडे ही सेवा वर्षभर मिळते, उन्हाळ्यात तर दिवसातून पुष्कळदा. फक्त लाइट आली की पासवर्ड जुनाच असल्यामुळे तोही काही मिनिटांत परत येतो. पण पाहुणा जाऊन-येऊन असला की त्याचा भार वाटत नाही.

आता मोबाइलवर दिसायला हवं. डब्याच्या बुडाला चौकोनी क्यूआर कोड चिकटवलेला असतो. त्याचा स्वच्छ फोटो काढून 'आपला परिवार' ग्रुपवर टाका. सुरतचा भाऊ, पुण्याचा भाचा, नंदुरबारचे साडू, ज्यांच्याशी लग्नपत्रिकेपुरता संबंध आहे ते मामेसासरे, सगळ्यांना ओटा दिसू द्या. पासवर्ड त्याच मेसेजखाली लिहा, कोणाला वेगळं विचारायला नको. मालकाचं खातं मात्र ज्या भाच्यानं पहिल्यांदा अ‍ॅप चालू करून दिलं त्याच्याच मोबाइलवर राहू द्या. तो मोबाइल पुढं त्यानं कोणाला विकला हे विचारणं बरं दिसत नाही.

याचा उपयोग होत नाही असं नाही. मार्च-एप्रिलात ओट्यावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातल्या, माय जेवून जरा कलंडली, की सुरतहून लूमच्या खडखडाटातून फोन येतो: "माय, पय! बिबड्या बकरी खाई ऱ्हायनी!" माय उठून काठी शोधेपर्यंत निम्मा पाट साफ. पण पाहिलं तर सगळ्यांनी. साडूनं स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला, भाच्यानं त्यावर हसण्याची चित्रं टाकली. पूर्वी बकरी एवढ्या साक्षीदारांसमोर बिबड्या खात नव्हती.

परिवारापुरतं समाधान होत नसेल तर राउटरमध्ये शिरा. तिथं पोर्ट फॉरवर्डिंग आहे, म्हणजे बाहेरच्यांसाठी आत यायचं एखादं दार (पोर्ट) उघडून ठेवणं; यूपीएनपी आहे, आणि सगळ्यांत तळाशी डीएमझेड नावाचा खटका आहे. कुठला पोर्ट उघडायचा ते कळत नसलं की हा खटका दाबायचा; सगळेच उघडतात. यूपीएनपीचं तर कौतुकच करावं. डबा राउटरला सांगतो, मला बाहेरून भेटायला लोक येणार आहेत, आणि राउटर तुम्हाला न विचारता दार उघडतो. बाहेर वाट पाहणाऱ्यांची कमी नाही. २००९ पासून शोडान नावाचं शोधयंत्र आहे; ते वेबपानं शोधत नाही, इंटरनेटला जोडलेली यंत्रं शोधतं. २०१४ साली एक संकेतस्थळ गाजलं, त्यावर पासवर्ड न बदललेले जगभरातले हजारो कॅमेरे चालू स्थितीत लावले होते. पाळणे, दुकानं, अंगणं. कोणी कोणाला हॅक केलेलं नव्हतं. नुसती यादी लावली होती.

इथं एक अडचण येते, ती सांगितलीच पाहिजे. बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांनी एकच सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घर नंबर, पुष्कळ घरांत वाटून दिलेला असतो. त्यामुळे तुम्ही आतून कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरच्याला तुमच्या दारापर्यंत येताच येत नाही. म्हणजे तुम्ही न मागता, न पैसे देता तुमची राखण होते आहे. हा अपमान सहन करू नका. वेगळे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता, घ्या.

वायफायबद्दल थोडक्यात. राउटर घरात सर्वांत सुरक्षित जागी ठेवा, म्हणजे लोखंडी कपाटाच्या मागं. घर धाब्याचं असेल तर मातीच्या दोन फुटी भिंतीतल्या कोनाड्यात बसवा आणि पाच गिगाहर्ट्‌झ चालू करा. पलीकडच्या खोलीत तो पोचणार नाही, ओट्याचा तर प्रश्नच नाही. मग दुकानदार म्हणेल दुसरा राउटर घ्या. घ्या. पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर ठेवा. तो आधीच ट्रॉलीवर, दुकानाच्या पाटीवर आणि गणेश मंडळाच्या फलकावर रंगवलेला असतो, पाहुण्यांना विचारावं लागत नाही. जुना राउटर असेल तर त्यात वेप नावाचं कुलूप असेल. २००१ सालीच संशोधकांनी ते उघडून दाखवलं, तरी दिसायला कुलूपच आहे. पासवर्ड न टाकता यंत्रं जोडून देणारं डब्ल्यूपीएसचं बटणही बंद करू नका. त्याचा पिन आठ आकडी असल्यामुळे माणसाला वाटतं, दहा कोटी शक्यता. प्रत्यक्षात राउटर पहिले चार आकडे बरोबर आहेत की नाहीत ते वेगळे सांगतो, आठवा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि हिशेब अकरा हजारांवर येतो. हे २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालं. शेजारच्या पोराला दिवाळीची सुट्टी पुरते.

वायफाय अगदीच उघडं ठेवलं तर घरी माणसं येतात. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना धमकीचा मेल गेला, तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या उघड्या वायफायवरून. तपासाची गाडी आधी त्याच्याच दारात. जानेवारी २००९ मध्ये तर मुंबई पोलीस रस्त्यांवर फिरून उघडी वायफाय शोधत होते. तेवढा मान आपल्या गल्लीला अजून मिळालेला नाही.

खरा शौकीन मात्र घरावर थांबत नाही. त्याची नजर मळ्यावर असते, आणि रावेर-यावल-चोपड्याकडे त्याला कारणही भरभक्कम आहे. विहिरीवरून केबल जाते. मोटार जाते, स्टार्टर जातो; तांब्याची केबल तर रात्रीतून सोलून जाते. तेव्हा गच्चीवर एक वायरलेस डिश, मळ्यातल्या खोलीवर दुसरी, आणि विहिरीवर कॅमेरा. हे काम जूनमध्ये करा, केळीची मृगबाग लावता तेव्हा. शेत मोकळं, रोपं घोट्याएवढी, गच्चीवरून मळ्यातली डिश नुसत्या डोळ्यांनी दिसते. सिग्नल पहिल्याच झटक्यात भरतो. तुम्ही संध्याकाळी पारावर मोबाइल काढून चार जणांना विहीर दाखवता, त्यातले दोघे 'आमच्याकडंबी बसवा' म्हणतात. हा आनंद पुरेपूर घ्या, कारण पुढं केळी वाढते.

दोन डिश एकमेकींना दिसल्या म्हणजे झालं, असं नसतं. सिग्नल दोरीसारखा सरळ रेषेत जात नाही, त्याला मध्ये फुगायला जागा लागते. एक किलोमीटरचं अंतर आणि पाच-सहा गिगाहर्ट्‌झची डिश असेल तर मधोमध रेषेच्या चारी बाजूंना साडेतीन मीटरचा घेर बऱ्यापैकी मोकळा हवा. केळीला हे कोणी सांगितलेलं नसतं. पोळ्यापर्यंत काही कळत नाही. दिवाळीत चित्र मधूनच थिजतं. तुम्ही डिश हलवता, केबल बदलता, फर्मवेअर चढवता, ब्रॉडबँडवाल्याला फोनवर झापता. थंडीत भरताच्या पार्टीला पाहुणे आले की त्यांना विहीर दाखवायला जाता, आणि मोबाइलवर नुसतं गोल फिरणारं चक्र. पान म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, आणि या लहरी पाण्यात जिरतात. त्यावर दव किंवा पावसाचे थेंब असले की विषयच संपला. केळी दहा फुटांवर जाते, घड भरतात, बागेत राखण करावी असा काही माल उभा राहतो, आणि नेमकं तेव्हा मळा पडद्यावरून गायब होतो. मग व्यापारी येतो, कापणी होते, गाड्या भरून जातात, उरलेली खोडं आडवी होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सिग्नल पुन्हा फुल्ल. रिकामं शेत किती स्वच्छ दिसतं म्हणून सांगू. कोणी शहाणा म्हणेल, खांब उंच करा. त्याला विचारा, खांबाची राखण कोण करणार?

घरचे कॅमेरे रात्री स्वतःची करमणूक स्वतः करतात. अंधारात दिसावं म्हणून भिंगाभोवती इन्फ्रारेड दिवे असतात. किडे कॅमेऱ्याजवळ घिरट्या घालतात, कोळी किड्यांना येतो, आणि जाळं बरोबर भिंगासमोर विणतो. वाऱ्यानं जाळं हललं की मोबाइल किंचाळतो: हालचाल आढळली. आठवडाभर तुम्ही रात्री दोनला टॉर्च घेऊन ओट्यावर उभे राहता. नवव्या रात्री सूचना बंद करता. इथून पुढं चोरांनी यायला हरकत नाही.

हार्ड डिस्क जुन्या कॉम्प्युटरची काढून लावा. ती चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते, पण पडून राहण्यापेक्षा बरी. डबा चोरीला जाऊ नये म्हणून कपाटात कुलूपबंद करा. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतात, आत किती ते डिस्कच सांगेल, आणि एकदाच सांगेल. किती दिवसांचं राहतं तेही सांगतो: एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरले तर चौघांचे दिवसाला ८६ जीबी. १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं चढायला लागतं. तुम्ही पंधरा दिवस चारधामला गेलात आणि चोर दुसऱ्याच रात्री आला, तर परत आल्यावर तुम्हाला रिकाम्या ओट्याचं, अगदी स्वच्छ, अकरा दिवसांचं रेकॉर्डिंग मिळेल.

डब्यातला बटणाएवढा सेल संपला की लाइट गेल्यावर घड्याळ मागं पळतं. काही डबे थेट १ जानेवारी २००० ला जाऊन बसतात. आणि जुन्या डब्याचं पान फक्त इंटरनेट एक्सप्लोररवर उघडतं, जे जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनंच बंद केलं. त्यासाठी घरात एक विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर जपून ठेवा. त्याला एप्रिल २०१४ पासून दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणजे तो स्थिर आहे. बँकेचं कामही त्याच्यावरच करत जा, दोन यंत्रं कशाला तापवायची. वेगळं नेटवर्क करून कॅमेरे एकीकडे आणि घरचे मोबाइल-कॉम्प्युटर दुसरीकडे ठेवा, असं सांगणारे लोक असतात. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क नावाची सोय असते खरी, पण पाहुण्यांना वेगळ्या पंगतीला बसवणं आपल्यात नाही.

एवढं करून चोरी झालीच, तर हवालदारसाहेब फुटेज मागतील. आबा खुर्ची देतील, घरातून चहा येईल, तुम्ही माउस हलवाल. पासवर्ड भाच्याला माहीत, भाचा फोन उचलत नाही. तो उचलेपर्यंत आबा दोनदा विचारतील, "काही दिखस का?" शेवटी चित्र सापडतं, त्यावर तारीख २००० सालची, आणि चोराच्या तोंडासमोर जाळं. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असं फुटेज कोर्टात द्यायचं तर प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला आकडी अंगठा, लिहावा लागतो. अ भाग डब्याचा ताबा असणाऱ्यानं भरायचा, ब भाग तज्ज्ञानं. तज्ज्ञाच्या जागी स्वतःचंच नाव घालायचा मोह होईल, तो आवरा.

हवालदारसाहेब जाता जाता समोरच्या किराणा दुकानाचा कॅमेरा बघतील, आणि त्यात सगळं लख्ख दिसेल, कारण तो दुकानदारानं मेकॅनिक बोलावून बसवलेला आहे. मनाला लावून घेऊ नका. चोरीची बातमी पसरली की त्याच आठवड्यात गल्लीतले दोघे-तिघे तुमच्याकडेच येतील, आमच्याही घराला बसवून द्या म्हणून. मजुरी घेऊ नका, शोभत नाही. चहा घ्या, आणि मालकाचं खातं तुमच्याच मोबाइलवर ठेवा.