आखाड्यात पाठवा म्हणता, तर…

काका, तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला, म्हणून चार दिवस थांबून लिहितेय. शाळेत मुलग्यांसाठी भरतनाट्यमचा तास सुरू केला त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, "पोरांना नाच्या करू नका. दांडिया बाजारात राहता ना? मग माणिकरावांच्या आखाड्यात धाडा."

सक्तीबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मान्य. पहिल्या वर्षी सहावीच्या सगळ्या मुलग्यांना आम्ही बसवलं, ती चूकच होती. एकाचा अंगठा दर बुधवारी दुखायचा, फक्त बुधवारी. आता ज्याला यायचं तो येतो.

पण "नाच्या"? आपल्या बडोद्यात? नवरात्रात हीच पोरं केडियू, म्हणजे घेरदार अंगरखा, घालून रात्री बारापर्यंत गरब्यात फिरतात, तेव्हा कोणाची मान खाली जात नाही. पंधरा ऑगस्टची लेझीम तर तुम्हीही खेळला असाल. तो व्यायाम, आणि हा नाच?

शिवाय हे भरतनाट्यम काही मी मद्रासहून आणलेलं नाही. 1880 साली सयाजीरावांचं तंजावरच्या राजकन्येशी लग्न झालं, त्या निमित्ताने तिथले कलावंत या दरबारात आले. नर्तकी होत्या, तसे त्यांना शिकवणारे, ताल धरणारे नट्टुवनारही होते. ते पुरुष. त्याच परंपरेतले कुबेरनाथ तंजोरकर पुढे आपल्या विद्यापीठात शिकवत होते. भरतनाट्यम नर्तक सी. व्ही. चंद्रशेखरही इथेच शिकवायचे. वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस, आणि सत्तरी उलटल्यावरही रंगमंचावर उभा राहायचा. 2011 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आता आखाड्याचं. अरमंडी म्हणजे गुडघे बाहेर काढून अर्धं बसायचं, पाठ ताठ. त्यात तट्टडवु, म्हणजे नुसते पाय आपटायचे, "तैय्या तै". क्रिकेटच्या टीममधला आमचा एक पठ्ठ्या तिसऱ्या मिनिटाला थरथरायला लागला. मांड्या हलताहेत, घाम हनुवटीवरून फरशीवर, आणि तरी खाली बसायला तयार नाही, कारण शेजारचा बसला नव्हता. (हसू आलं मला, पण दाबलं.) पाऊल सपाट पडलं की फरशीवर टाळी वाजल्यासारखा आवाज येतो, तिरकं पडलं की फुसका. तो फरक पोरांना पहिल्याच आठवड्यात कळला. आता एकमेकांचे फुसके मोजतात.

गॅदरिंगमधल्या नाचाचा तुम्हाला तिटकारा आहे, तो मलाही आहे. मुलींच्या मागे पोरांना झाडासारखं उभं करायचं आणि चमकीचं जाकीट चढवायचं. त्याला मीही नाच म्हणत नाही.

आणि एक सांगते. माझ्या तासाला येणारा एक मुलगा खरंच मल्लखांब करतो. तासाला येतो तेव्हा हाताला खांबाला लावतात त्या एरंडेलाचा वास असतो. अरमंडी त्याला सोपी जाते, उडी तर विचारूच नका. अडतो तो अभिनयाला. परवा कृष्ण होऊन लोणी चोरताना दगडासारखा चेहरा केला. म्हटलं, अरे, लोणी चोरतोयस की हप्ता भरतोयस? तर म्हणाला, "बाई, खांबावर बरं असतं. तिथे चेहऱ्याकडे कोणी बघत नाही."