वहिनी, शेवटी ह्यांचं जमणार बघा!

डिसेंबर आला की अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये एका खास कौशल्याची गरज पडते. टीव्हीवर हॉलमार्क, म्हणजे ख्रिसमसचे गोड गोड प्रेमाचे पिक्चर दाखवणारं चॅनेल, लागलेलं असतं. लाल कोटातली एक मुलगी बर्फावरून घसरून चौकड्यांच्या शर्टातल्या एका बाप्याच्या अंगावर पडत असते आणि समोरच्या सोफ्यावर तुम्ही असता. तुम्हाला हा पिक्चर बघायचा नसतो. मत मात्र द्यायचंच असतं. ते कसं द्यावं याचं मार्गदर्शन मराठीत कुठे सापडत नाही. गेल्या शनिवारी न्यू जर्सीतल्या आमच्या घरी जेवायला आलेल्या मंडळींनी या विषयाचं जे प्रात्यक्षिक करून दाखवलं, त्यावरून ही टिपणं काढली आहेत. गरजूंनी लाभ घ्यावा.

सगळ्यात आधी वेळ साधा. मत पहिल्या पाच मिनिटांत द्यायचं असतं. नायिका न्यूयॉर्कच्या ऑफिसात फोनवर बोलते आहे, तिचा बँकेतला होणारा नवरा सूट घालून दुसऱ्या फोनवर बोलतो आहे, तिने गावाला जायची बॅगसुद्धा भरलेली नाही, एवढ्यात तुम्ही समोसा उचलून म्हणायचं, "वहिनी, हिचं त्या गावातल्या सुताराशी जमणार बघा." सुतार तोवर पडद्यावर आलेलाही नसतो. वाक्याच्या शेवटी "मी आत्ताच सांगून ठेवतो" जोडा, आणि खुनी ओळखल्यासारखी खोलीभर एक नजर फिरवा. समोर बसलेल्या बायकांना हे ठाऊक नव्हतं, अशी समजूत असू द्या. आम्ही बापड्या जीव मुठीत धरून बसलेल्या असतो, सुतार की बँकवाला, बँकवाला की सुतार.

मग बर्फ. बर्फ खोटा असतो. हे सांगाच. कुणी विचारलं नसलं तरी सांगा.

इथे थोडी माहिती जवळ असली तर वजन पडतं, म्हणून देऊन ठेवते. यातले बरेचसे पिक्चर कॅनडात बनतात. व्हँकूव्हरच्या आसपासची गावं, नाहीतर ऑन्टारियोतली. तिथे सरकार करात सवलत देतं आणि कॅनेडियन डॉलर स्वस्त पडतो. चॅनेलचा ख्रिसमस ऑक्टोबरातच सुरू होतो, हॅलोविनचे भोपळे दारात असतानाच. त्यामुळे चित्रीकरण बऱ्याचदा ऐन उन्हाळ्यात उरकावं लागतं, तेही साधारण पंधरा दिवसांत. मग कागदाचा भुगा, फेस, फोडलेला बर्फ, हिरवळीवर अंथरलेले पांढरे कापडाचे तागे, असं सगळं मिळून अंगणात हिमवर्षाव होतो, आणि त्यात ती पोरगी लोकरीचा कोट, मफलर, कानटोपी घालून "किती गारठलेय मी" असं हसत हसत म्हणते. बाहेर जुलै. घामाचा एक थेंब दिसू न देता.

मला हे कळल्यावर त्या नटीबद्दल आदरच वाटला. पण तुम्ही असल्या भानगडीत पडू नका. "फेक आहे" म्हणा आणि चटणी मागा.

नटांच्या हातातल्या कपात कॉफी नाहीये, तेही सांगायला विसरू नका.

मागच्या झाडाला हिरवी पानं दिसली तर उठून टीव्हीपाशी जा आणि बोट ठेवून दाखवा. परत येताना स्क्रीनसमोरून सावकाश या.

"सगळे सारखेच असतात" हे वाक्य तर पाठच करा, कधीही चालतं. हॉलमार्कने 2009 मध्ये हा ख्रिसमसचा मोसम सुरू केला. 2019 च्या एकाच मोसमात त्यांनी आपल्या दोन चॅनेलांवर मिळून 40 नवे पिक्चर दाखवले. ते सारखे आहेत असं म्हणायला निदान दोन तरी पाहायला लागतात, असा एक जुनाट समज आहे. तो सोडा. एकही शेवटपर्यंत न पाहिलेल्या माणसाचं मत कसं लख्ख असतं. त्यात सुताराचं की बँकवाल्याचं असल्या तपशिलांचा गाळ नसतो.

आता लॉजिक. हे हुकमी अस्त्र आहे, ते मध्यंतराच्या सुमाराला काढा. आमच्याकडे ते असं निघालं: "वहिनी, मला एक सांगा, ह्या गावात माणसं किती? पाचशे? मग ही बाई कपकेक विकून दुकानाचं भाडं कसं भरते?" विचारणारे गृहस्थ आयटीत आहेत, त्यांचा हिशेब पक्का असतो. पाठोपाठ दुसरे म्हणाले, "आणि एवढी न्यूयॉर्कची नोकरी सोडून कोण राहतं हो खेड्यात?" मग त्या बेकरीच्या अर्थव्यवस्थेवर पाऊण तास परिसंवाद झाला. पडद्यावर बेकरीवाली आपल्या मेलेल्या आईची पाककृती शोधत होती, ती सापडली की नाही ते मला आजही ठाऊक नाही, कारण तोवर चर्चा दुकानाच्या विम्यावर गेली होती. हीच मंडळी दिवाळीनंतर आमच्याच बेसमेंटमध्ये बसून एक डब केलेला साउथचा पिक्चर बघत होती. त्यात हिरोने एका लाथेत जीप उडवली, ती हवेत असतानाच सिगारेट पेटवली, आणि जीप खाली आली तेव्हा नेमके व्हिलनचे भाऊच खाली उभे होते. शिट्ट्या वाजल्या. जीपचा विमा कुणी काढला होता, ते एकानेही विचारलं नाही. पुरुष उडाला तर ते 'मास' असतं, आणि बाईने बेकरी टाकली की लगेच ताळेबंद मागायचा!

आणि नोकरी सोडून कोण राहतं म्हणे. अहो, तुम्हाला काय वाटतं, आम्ही तो सुतार बघायला बसतो? त्याचे दंड बघायला? बरे असतात, नाही असं नाही. पण त्या पिक्चरमध्ये तासाभराने एक प्रसंग येतोच येतो, तो तुम्ही कधी पाहिलेला नाही, कारण तेव्हा तुम्ही बोलत असता. रात्री उशिरा स्वयंपाकघरात शेकड्याने कुकीज करायच्या असतात, उद्या गावाची जत्रा असते, आणि तो माणूस कुणी न सांगता बाह्या सरसावून एप्रन बांधतो. पीठ मळायला लागतो. मळता मळता तिला विचारतो, "तुला नक्की काय करायचंय पुढे?" आणि ती बोलते. आणि तो ऐकतो! मधे बोलत नाही, फोन बघत नाही, "त्यापेक्षा तू असं कर" म्हणत नाही. पुढे तिच्या बॉसचा सुट्टीत फोन येतो, ती "नाही जमणार" म्हणते, आणि आभाळ कोसळत नाही. हे आमचं चोरून बघितलेलं स्वप्न आहे, समजलं का? बर्फ खोटा आहे हे आम्हाला तुमच्याआधीपासून माहीत आहे. त्या सबंध पिक्चरमध्ये सगळ्यात खोटा तो एप्रन असतो.

त्या शनिवारी तो प्रसंग आला तेव्हा लॉजिकवाल्या गृहस्थांची बायको कुठे होती, सांगू? स्वयंपाकघराच्या दारात, हातात झारा घेऊन. पुऱ्या तळत होती, कारण "गरम असल्या की बरं वाटतं" असं कुणीतरी म्हणालं होतं. आठवडाभर ती मला मेसेज करत होती की शनिवारी आठला नवा लागणारे, आपण एकत्र बघू. एक डोळा तेलाकडे, एक टीव्हीकडे, असा तिने तो बघितला. आणि नवरा तिच्याकडे पाठ करून विचारत होता की हे असले पिक्चर बघतं तरी कोण.

"शेवट माहीत असलेलं काय बघायचं" असंही एक मत असतं. ते देताना आवाज चढवायला हरकत नाही. फक्त त्याच महिन्यात 2011 च्या वर्ल्ड कपची फायनल पुन्हा लावू नका. वानखेडेवर धोनीने कुलशेखराला मारलेला तो षटकार आमच्या घरात प्रत्येक पार्टीत मारला जातो, आणि प्रत्येक वेळी तुम्ही सोफ्यावरून उठून उभे राहता. चेंडू जाईल ना पलीकडे? जातो हो. 2 एप्रिल 2011 पासून रोज जातोय.

बघणाऱ्यांची कीव करायला विसरू नका. यात तुमच्या बाजूने मोठी माणसं आहेत. 2017 च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने आपल्याच एका ख्रिसमसच्या राजपुत्राच्या पिक्चरबद्दल जाहीरपणे सांगितलं होतं की 53 जणांनी तो 18 दिवस रोज बघितला, आणि वर त्या 53 जणांना विचारलं होतं की तुम्हाला एवढं कुणी दुखावलंय. पिक्चर त्यांचा, पैसे त्यांनी घेतलेले, कोण काय बघतंय याची नोंद त्यांनी ठेवलेली, आणि चेष्टा बघणाऱ्यांची. तुमच्याकडे तर एवढीसुद्धा गुंतवणूक नसते. फुकटात होतं तुमचं.

बरं, पुरे आता. सरळच बोलते.

या पिक्चरांवर टीका करू नये असं माझं म्हणणं नाहीच. करा की! भरपूर जागा आहे. वर्षानुवर्षं त्या गावांमध्ये गोरी माणसंच प्रेमात पडत होती. सावळा माणूस असायचा तो नायिकेचा सल्लागार, नाहीतर टाऊन हॉलमधला कारकून. 2019 च्या डिसेंबरात याच हॉलमार्कने दोन नवऱ्या मुली एकमेकींचं चुंबन घेतात अशी लग्नाच्या वेबसाइटची जाहिरात एका गटाच्या तक्रारीवरून काढून टाकली, मग चहूबाजूंनी ओरडा झाल्यावर माफी मागून निर्णय फिरवला. पुढच्याच महिन्यात चॅनेल चालवणाऱ्या कंपनीचे प्रमुख बिल ॲबट बाहेर पडले आणि नंतर त्यांनी दुसरं चॅनेल उभं केलं. हॉलमार्कची आघाडीची नटी कँडेस कॅमेरॉन ब्युअर 2022 मध्ये तिकडे गेली आणि तिने सांगूनच टाकलं की आमच्याकडे पारंपरिक लग्नच केंद्रस्थानी राहील. म्हणजे त्या खोट्या बर्फातल्या गावात राहायला कुणाला मिळणार, यावर खराखुरा तंटा झालेला आहे. त्यावर बोला ना. आपण सावळी माणसं, परक्या देशात, शेजाऱ्याच्या अंगणातली रोषणाई बघत राहणारी, आपल्याला त्यावर बोलण्यासारखं कितीतरी आहे. ती पुऱ्या तळणारी बाई हे सगळं मला फोनवर सांगते. तिने हे पिक्चर ढिगाने बघितलेत. कुठला पटकथाकार आळशी आहे, कुठल्या पिक्चरमधली आई नुसती शोभेला ठेवलीये, या वर्षी पहिल्यांदा कुणाच्या नायिकेला स्वतःचं डोकं आहे, हे तिला कळतं. तिला कुणी मत विचारलं नाही.

कारण तुम्हाला पिक्चरबद्दल बोलायचंच नसतं. तुम्हाला एवढंच सांगायचं असतं की मी यातला नाही, मी हुशार आहे, असलं मी बघत नाही. बायकांना जे आवडतं ते आपोआप बिनडोक, आणि ते हसण्यावारी नेण्याचा परवाना आपल्याला जन्मतःच मिळालेला आहे, असा तुमचा समज आहे. चाळीस-पन्नास वर्षांचे घोडे झालात, पण समोरचं माणूस दीड तास खुशीत बसलंय, तर त्याला बसू द्यावं, एवढं कुणी शिकवलं नाही?

पुढच्या शनिवारीही आठला नवा लागतोय. यायचं तर या. पण त्या दिवशी पुऱ्या नाहीत, बाहेरून पिझ्झा मागवलाय, म्हणजे तिला दाराऐवजी सोफ्यावर बसता येईल, अगदी मधल्या जागेवर. तुम्ही खुर्च्या घ्या. बोलायचं असेल तेव्हा जाहिराती लागल्यावर बोला, त्या भरपूर असतात. आणि बर्फाबद्दल एक अक्षर काढलंत, तर गॅरेजमध्ये फावडं आहे, आमच्या ड्राइव्हवेवर खराखुरा पडलाय.